पितळी सांगाड्यांची जन्मपत्रिका

घरातल्या जुन्या वस्तूचे वय सांगण्याची आपली एक खास रीत आहे. हा बंब कधीचा, असे विचारावे, तर उत्तर येते, "आजेसासूबाईंच्या वेळचा." आजेसासूबाईंच्या वेळचा म्हणजे कधीचा, हे कोणी विचारीत नाही, आणि विचारले तर उद्धटपणा होतो. बंब पाणी तापवतो ना, मग झाले! पण जगात अशीही माणसे आहेत, की जी तळहाताएवढ्या वस्तूचे वय वर्षाच्या आणि जमल्यास महिन्याच्या हिशेबाने काढल्यावाचून रात्री सुखाने झोपत नाहीत. ती वस्तू म्हणजे सोन्याचे नाणे नव्हे की ताम्रपट नव्हे. ती असते खेळातल्या मोटारीची चासी.

माझे थोरले मेहुणे या पंथातले. माझी पत्नी त्यांना दादा म्हणते, म्हणून मीही दादाच म्हणतो. पेशाने इंजिनिअर, वास्तव्य पुष्कळ वर्षे कॅलिफोर्नियात. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या गॅरेजातल्या टेबलाशी बसून मी जे पाहिले-ऐकले, ते वाचकांपुढे ठेवतो. मी मराठीचा अध्यापक. यंत्राशी माझा संबंध स्कूटरच्या किकपलीकडे नाही. पण एम. ए. च्या वर्गाला पाठचिकित्सा शिकवणाऱ्या माणसाला त्या टेबलाशी परके वाटण्याचे कारण नव्हते, ते का, हे पुढे कळेल.

आधी खेळ सांगतो. एक लांबलचक वळणावळणाचा मार्ग. त्यावर प्रत्येक गाडीसाठी एक अरुंद खाच पाडलेली. खाचेच्या दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या, आणि त्यांतून साधारण बारा व्होल्टचा प्रवाह. गाडीच्या नाकाखाली एक जीभ असते, ती खाचेत उतरते. जिभेच्या दोन बाजूंना तांब्याच्या विणलेल्या फिती पट्ट्यांवर घासत जातात आणि वीज मोटरला पोचवतात. खेळणाऱ्याच्या हातात एक खटका. तो दाबला की वेग वाढतो, सोडला की कमी होतो. बस्स! सुकाणू नाही. वळणाला वेग आवरला नाही, तर गाडी खाच सोडून थेट प्रेक्षकांच्या अंगावर. ऐकताना हा पोरखेळ वाटतो. पण दादांच्या ओळखीच्या एका क्लबात मी तो खटका पाच मिनिटे हातात धरला होता. त्या पाच मिनिटांत माझी गाडी किती वेळा जमिनीवरून उचलून आणावी लागली, हे सांगण्यात अर्थ नाही.

या खेळाचे घराघरांत गेलेले रूप इंग्लंडातले. हॅम्पशायर परगण्यातल्या हॅवंट गावी फ्रेड फ्रॅन्सिस नावाच्या गृहस्थांचा 'मिनिमॉडेल्स' हा खेळण्यांचा कारखाना होता. १९५२ साली त्यांनी 'स्केलेक्स' नावाच्या पत्र्याच्या मोटारी काढल्या. किल्लीची गरज नाही. दाबून मागे ओढली की पोटातले पाचवे चाक स्प्रिंग गुंडाळायचे आणि सोडली की गाडी धावायची. पण एकदा सुटलेल्या गाडीवर पोराचा ताबा उरत नाही, मग पोर कंटाळते. फ्रॅन्सिसनी त्याच पत्र्याच्या गाडीत विजेची मोटर बसवली, रबराचा खाचेचा मार्ग केला, स्केलेक्स आणि इलेक्ट्रिक या दोन शब्दांचा संधी करून 'स्केलेक्स्ट्रिक' हे नाव दिले आणि १९५७ च्या जानेवारीत हॅरोगेटच्या खेळण्यांच्या जत्रेत मांडले. मागणी एवढी आली, की लहान कारखान्याला ती पेलेना. १९५८ साली त्यांनी तो धंदा लाइन्स ब्रदर्स या बड्या कंपनीला विकला. या कंपनीची छाप 'ट्रायँग'. लाइन्स आडनावाचे तीन भाऊ, आणि तीन रेषांचा त्रिकोण, असा तो इंग्रजी श्लेष आहे. आपल्या पंतकवींनाही तो आवडला असता. १९६० पासून पत्रा गेला आणि प्लॅस्टिकच्या गाड्या आल्या.

अमेरिकेत हाच खेळ दिवाणखान्यातून उठून बाजारात गेला. १९६३ नंतरच्या चार-पाच वर्षांत तिथे गावोगाव भाड्याने खेळायचे मार्ग निघाले. आठ-आठ खाचांचे, वळणे उचललेले, तासाला इतके पैसे. गाड्याही मोठ्या, मूळ मोटारीच्या एक-चोवीसांश. अशी दुकाने हजारोंनी निघाली आणि दशक संपायच्या आत बहुतेक बंदही पडली. पण तेवढ्या काळात पोरांनी आणि त्यांच्या बापांनी गाडीच्या पोटावर जे प्रयोग केले, ते पाहून थक्क व्हायला होते. वरचे कवच म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, काचेवरच्या चित्राप्रमाणे आतून उलटा रंगवलेला. तो दिसायचा छान, पण शर्यत जिंकायची ती खालच्या चासीने. आणि उत्तम चासी दुकानात मिळत नसे. पितळी नळ्या, पितळी पट्ट्या आणि पियानोची पोलादी तार आणून ती घरी झाळावी लागे.

म्हणूनच आज या चासींवर ना नाव असते, ना साल. आपल्या जुन्या पोथ्यांसारखेच. लेखनिकाने शेवटी शक घातला असेल तर ठीक. नाहीतर कागद, शाई, अक्षराचे वळण, भाषेची रूपे यांवरून काळ काढायचा. दादा नेमके हेच करतात, फक्त त्यांचे अक्षर पितळेचे.

पहिला प्रश्न असतो मोटर कशी बसवली आहे हा. सुरुवातीच्या गाड्यांत ती गाडीच्या लांबीत, उभी. तिचा दांडा मागच्या आसाला काटकोनात भेटतो आणि मुकुटासारख्या दातेरी चाकाने आस फिरवतो. या काटकोनात थोडी शक्ती वाया जाते. म्हणून काहींनी मोटर आडवी, आसाला समांतर टाकली. साधी दातेरी चाके, शक्तीची बचत, वजनही मागच्या चाकांवर. पण आडव्या मोटरला दोन चाकांच्या मधल्या जागेतच मावावे लागते, आणि टायर तर दरसाल रुंद होत चाललेले! मग १९६८ च्या सुमारास अमेरिकेत तोड निघाली ती तिरप्या मोटरची. एक टोक आसाजवळ, दुसरे पुढच्या बाजूला सरकवलेले. जागेची अडचण मिटली, आणि शर्यतीच्या गाड्यांत बघता बघता उभी मोटर मागे पडली.

आता तुम्ही म्हणाल, मग सोपेच आहे! तिरपी दिसली की १९६८ नंतरची, उभी दिसली की आधीची. यातले पहिले विधान ठीक, दुसरे चूक. शिवकालीन म्हणवणाऱ्या बखरीत 'कलेक्टर' हा शब्द भेटला, तर ती बखर, निदान ते पान, इंग्रजी अमलातले हे नक्की. पण तो शब्द नाही म्हणून ती शिवकालीन ठरत नाही. उभ्या मोटरची गाडी १९७० साली कोणी हट्टाने बांधली नसेल कशावरून? नवी खूण काळाची पलीकडची हद्द आखून देते. जुनी खूण काहीच आखून देत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना हे पटवायला मला दोन तास लागतात. दादांनी एका हातात एक आणि दुसऱ्या हातात दुसरी चासी धरून दोन मिनिटांत पटवले.

अशा खुणा पुष्कळ. जुन्या आसांना टोकाशी आटे पाडलेले असत, चाक त्यावर फिरवून बसवायचे आणि नटाने आवळायचे. पुढे गुळगुळीत आस आला आणि चाकाच्या तुंब्यात बारीक स्क्रू. मोटरींत आधी अमेरिकन पिटमनसारख्या उघड्या बांध्याच्या, ज्या मुळात खेळातल्या आगगाड्यांसाठी प्रसिद्ध होत्या. मग जपानच्या माबुची कंपनीच्या पत्र्याच्या डबीतल्या, स्वस्त आणि वेगवान. त्यांतही थोरली ३६ आणि धाकटी १६ असे नंबर, आणि शर्यतीत दशकाच्या उत्तरार्धात धाकटीचे राज्य.

मला स्वतःला सर्वांत गंमत वाटली ती कागदाची. गाडीबरोबर खोके किंवा सूचनापत्र असेल, तर दादा आधी गाडीकडे बघतच नाहीत, कारखान्याचा पत्ता वाचतात. अमेरिकेत पाच आकडी झिप कोड १९६३ च्या जुलैत सुरू झाले. त्याआधी मोठ्या शहराच्या नावापुढे नुसता एक-दोन आकडी विभाग लिहीत. पत्त्यात पाच आकडे दिसले, की तो कागद १९६३ च्या मध्यापूर्वी छापलेला असणे शक्य नाही. इंग्लंडच्या खोक्यावर किंमत शिलिंग-पेन्सांत असेल, तर ती बहुधा १९७१ च्या फेब्रुवारीपूर्वीची, कारण तेव्हा तिथे दशमान नाणी आली. आपल्याकडेही १९५७ च्या एप्रिलात आणे जाऊन नये पैसे आले आणि किती पुस्तकांची वये त्यामुळे आपल्याला कळतात!

त्या काळच्या छंदाच्या मासिकांतल्या जाहिरातींवर मात्र दादांचा फारसा विश्वास नाही. जाहिरात आली म्हणजे माल दुकानात आला असे नव्हे. शिवाय अंकावरचा महिना आणि लेख लिहिल्याचा महिना यांत अंतर असते. हे मला समजावून सांगावे लागले नाही. दिवाळी अंकाचा लेख गणपतीपूर्वी संपादकांच्या हाती द्यावा लागतो, आणि त्यातल्या फटाक्यांचा आवाज लेखकाला श्रावणातच ऐकावा लागतो.

हे झाले वय काढणे. आता दुरुस्ती. इथे आपल्या गृहिणींना धक्का बसेल. दिवाळीच्या आधी तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासून लख्ख करणारे आपले हात जुनी पितळी चासी दिसताच शिवशिवतात. पण या पंथात चिंच घेऊन येणाऱ्याला उंबऱ्याआत घेत नाहीत! पितळेवर चढलेली ती तपकिरी छटा म्हणजेच पुरावा. एकाच चासीच्या दोन भागांवर ती वेगवेगळी असेल, तर दोन भाग वेगवेगळ्या वेळी जोडले आहेत अशी शंका घ्यायला जागा. घासून दोन्ही सारखेच चमकवले, की साक्षीदार मुका झाला. म्हणून आधी छायाचित्रे, मग मापे, आणि मगच मऊ कुंचला आणि साबणाचे कोमट पाणी.

पण हिरवा कळक मात्र ठेवून चालत नाही. घाईच्या पोरांनी झाळताना आम्लाचा लेप वापरलेला असतो आणि नंतर धुतलेला नसतो. ते आम्ल पन्नास वर्षे सांध्यात दडून पितळ खात राहते. त्यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरातला: खायच्या सोड्याचे पाणी. ते आम्ल मारते. काही कारखान्यांनी, विशेषतः कॅलिफोर्नियातल्या कॉक्स कंपनीने, चासी मॅग्नेशियमच्या ओतीव केल्या. वजनाला पिसासारख्या, पण दमट हवेत पांढरी भुकटी धरणाऱ्या. जस्ताच्या ओतीव भागांचे दुखणे त्याहून वाईट. ओतताना जस्तात शिशाचा अंश राहिला असेल, तर वर्षानुवर्षांनी धातू आतल्या आत भेगाळतो, फुगतो आणि एक दिवस बिस्किटासारखा मोडतो. त्यावर औषध नाही.

जुन्या मोटरी उघडताना तर शस्त्रक्रियेची शिस्त लागते. पिटमनसारख्यांतले लोहचुंबक ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रणाचे. त्यांच्यामधून फिरती गुंडाळी नुसती उपसून काढली, की चुंबकाचे बळ तिथल्या तिथे कमी होते, आणि गुंडाळी परत घातल्याने ते परत येत नाही. म्हणून गुंडाळी काढताना तिच्या जागी लोखंडाचा तुकडा सरकवावा लागतो. हौशी माणूस 'जरा साफ करू या' म्हणून मोटर उघडतो आणि तिला कायमची म्हातारी करून बंद करतो. टायरांचीही तीच तऱ्हा. काही जुन्या टायरांतले तेलकट द्रव्य पाझरून, शेजारी टेकलेले प्लॅस्टिकचे कवच अक्षरशः वितळवते. कपाटात नीट ठेवलेली गाडी दहा वर्षांनी काढावी, तर चाके कवचात रुतलेली! चाके अलग करून ठेवायची, एवढा साधा उपाय आहे.

या सगळ्यात पैसा शिरला आहे, हेही सांगितले पाहिजे. नामांकित हातांनी बांधलेल्या चासींना आज चांगली किंमत येते, आणि जिथे किंमत येते तिथे नकलाही येतात. जुने पितळ घ्यायचे, जुनी मोटर घ्यायची, काल रात्री झाळायचे आणि 'शर्यतीत धावलेली मूळ गाडी' म्हणून विकायचे. याहून वारंवार घडणारा आणि माझ्या मते जास्त वाईट प्रकार म्हणजे प्रामाणिक माणसाने केलेली 'सुधारणा'. वाकलेली तार सरळ कर, बदललेला भाग काढून 'मूळचा' बसव. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती प्रती मिळवून, ताडून. आणि पुढे कोणी आपली ओवी तीत घुसडू नये असे बजावूनही ठेवले. पितळेच्या बाजारात असे बजावणारे कोणी नाही.

मी तिथे असतानाच दादांच्या शेजारच्या रस्त्यावरच्या एक वृद्ध बाई बुटांचे एक खोके घेऊन आल्या. यजमानांना जाऊन दोन वर्षे झाली होती. खोक्यात एकच चासी, तिचे फाटके कवच आणि एक छायाचित्र. बाईंचे म्हणणे असे, की यजमान लग्नाआधीपासून शर्यती खेळत. ही त्यांची गाडी १९६५-६६ ची. १९६७ साली पहिला मुलगा झाला, हाती पैसा नव्हता, तेव्हा बाईंनी सांगितले की आता हे पुरे. त्यांनी ऐकले आणि पुन्हा कधी शर्यतीला गेले नाहीत. आता एक संग्राहक गाडी मागत होता. पण त्याची अट अशी, की मागचा भाग 'कोणीतरी बिघडवलेला' आहे, तो काढून उभ्या मोटरचा मूळ घाट करून दिलात तर दुप्पट पैसे देईन. बाईंना पैशांची निकड होती, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होते. दादांनी तो मूळ घाट करून द्यावा, एवढेच त्यांचे काम होते.

दादांनी भिंग लावले. पुढचा सांगाडा पितळी नळ्यांचा, जीभ धरणारी तार एका बाजूला विचित्र वेलांटी घेतलेली. मागे मोटर धाकटी आणि तिरपी. म्हणजे मागचा भाग १९६८ च्या अलीकडचा. मग छायाचित्र पाहिले. त्या काळी अमेरिकेत छायाचित्राच्या पांढऱ्या कडेवर धुतल्याचा महिना छापीत. इथे होता मे १९६६. टेबलावर कवच काढलेली गाडी, मोटर उभी, आणि जिभेच्या तारेला तीच वेलांटी. पुढचा भाग तोच, यात शंका उरली नाही. मागचा कोणी बदलला?

सांधा झाळण्याआधी तो पक्का राहावा म्हणून त्यावर बारीक तांब्याची तार गुंडाळायची पद्धत होती. या चासीच्या पुढच्या सगळ्या सांध्यांवर ती तार उलट्या दिशेने गुंडाळलेली होती, बहुतेक लोक गुंडाळतात त्याच्या विरुद्ध. मागच्या सांध्यांवरही तशीच. दादांनी छायाचित्र पुन्हा उचलले. त्यातल्या तरुणाने खटका डाव्या हातात धरला होता.

"तुमचे यजमान डावखुरे होते का?" दादांनी विचारले.

"होते," बाई म्हणाल्या. "का?"

दादा लगेच बोलले नाहीत. मलाही अवघडल्यासारखे झाले. कारण या उत्तराचा अर्थ उघड होता. शर्यत सोडली म्हणून सांगितल्यानंतर निदान एक वर्षाने याच हातांनी ही गाडी पुन्हा बांधली होती. दादांनी दातेरी चाके भिंगाखाली धरली, टायर पाहिले, मोटरमधले कार्बनचे तुकडे पाहिले आणि ते सारे बाईंना एक-एक करून दाखवले. दात्यांच्या कडा नव्या करकरीत. कार्बन पूर्ण लांबीचे, झिजलेले नाहीत. टायर कडक होऊन चिरले होते, पण पृष्ठभागावरच्या घासणीच्या बारीक रेघा अजून जाग्यावर. समोरची जीभ मात्र झिजून अर्धी झालेली. पुढचा भाग भरपूर धावला होता. मागचा जवळजवळ नाहीच.

"त्यांनी ती बांधली," दादा म्हणाले, "पण शर्यतीला नेली नाही."

बाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "गॅरेजात रात्री उशिरापर्यंत दिवा असायचा. मी म्हणायचे, हिशेब करत असतील."

मागचा भाग काढायचा प्रश्न तिथेच मिटला. संग्राहकाला नकार कळवायचे बाईंनीच ठरवले. दादा त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. त्यांनी सोड्याच्या पाण्याने सांध्यांतले आम्ल धुतले, पितळेवरची छटा तशीच राखली, चिरलेले टायर वेगळ्या पुडीत बांधले, आणि खोक्यात ठेवायला एक कार्ड लिहिले: पुढचा भाग मे १९६६ पूर्वीचा, मागचा १९६८ किंवा नंतरचा, दोन्ही बहुधा एकाच हातचे, मागचा भाग शर्यतीत वापरलेला दिसत नाही.

बाईंनी ते दोनदा वाचले आणि 'बहुधा' हा शब्द खोडायला सांगितले. दादा म्हणाले, उलट्या गुंडाळीची तार ही खूण आहे, सही नव्हे, तेव्हा तो शब्द राहू द्यावा. बाईंनी थोडी हुज्जत घातली. शेवटी दादांनी पेन त्यांच्याच हातात दिले. त्यांनी कार्डाच्या मागच्या बाजूला यजमानांचे नाव लिहिले, 'बहुधा' तसाच ठेवला आणि खोके घेऊन गेल्या.